मागचं पाठ, पुढचं कोरं

६ जानेवारी

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यातून वाकून. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात एवढं एकच पक्कं शिकले आहे.

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर आईनं उघडलं असतं, आणि फोन केला असता तर बाबांनी स्पीकरवर टाकला असता. मला फक्त तुझ्याशी बोलायचंय.

बातमी वाईट आहे. डिसेंबरच्या निकालात मी शरीररचनेत नापास झाले. बाकी विषय सुटले, हा एकच राहिला. पण आमच्याकडे नियम असा की त्याच विषयात दुसऱ्यांदा नापास झालं तर वर्ष जात नाही, जागाच जाते. सामान उचलायचं आणि घरी यायचं. फेरपरीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. बाबांना मी 'पेपर चांगले गेले' एवढंच सांगितलंय. ते खोटं नव्हतं गं. पेपर चांगलेच गेले होते, निकाल वाईट लागला.

आळस केला असता तर मनाला लावून तरी घेतलं नसतं. वर्गात माझ्याइतकं पुस्तक कुणीच उघडत नाही. रूममेट संध्याकाळी हिंडून येते, तासभर बसते आणि पास होते. मी बसूनच असते.

मुलं कशी शिकतात ते तुम्ही विद्यापीठात मोजता ना? मलाही मोज. कुठे चुकतंय ते आकड्यात सांग. आकडा आला तर मी ऐकेन. 'घाबरू नकोस' म्हणालीस तर नाही ऐकणार, ते रूममेट रोज म्हणते.

घरी कुणाला सांगू नकोस.

तुझी,
टिटवी

•

१२ जानेवारी

टिटवे,

तुला अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. डिसेंबरात निकाल लागला आणि मला जानेवारीत कळतंय!

जन्मल्यापासून टाहो फोडत होतीस म्हणून मी तुला टिटवी म्हणायला लागले. आभाळ अंगावर पडेल या भीतीनं टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात, तेही पुढे तू खरं करून दाखवलंस. आता पाय खाली घे. एप्रिल लांब आहे.

मोजायचं म्हणतेस तर मोजू. सोबत आमची प्रश्नावली आहे. तिच्यात प्रश्न असे नाहीतच, नुसती वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्यापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच चौकटी. एकीत खूण करायची. बरोबर-चूक काही नाही. त्यावरून आम्हाला कळतं की मूल खोल शिकतंय की वरवर. विहिरीत उतरणारी मुलं वेगळी आणि काठावरून बादली टाकणारी वेगळी. या वर्षी विद्यापीठातल्या सगळ्या पहिल्या वर्षाला आम्ही ही दिली आहे. मार्चअखेर अहवाल द्यायचाय. बाई, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, दिवसातून दोनदा येऊन 'कुठवर आलं?' विचारतात. आमची खोली कॅन्टीनच्या मागे, त्यामुळे कागदांना तळणीचा वास आणि मला सदा भूक.

दादाला काही बोलले नाही. पण काल जेवताना तो शेजाऱ्यांना सांगत होता, 'आमची पोरगी पुढच्या वर्षी पेशंटला हात लावणार.' मी ताटातून मान वर केली नाही. हे फार दिवस जमणार नाही हं मला.

आत्या

•

१९ जानेवारी

प्रिय आत्या,

प्रश्नावली भरून पाठवतेय. तासभर लागला. रूममेट म्हणाली, 'एवढा वेळ? परीक्षा आहे का?' मी म्हटलं, हो.

काही वाक्यांपाशी अडले, पण भरलं सगळं. आता जास्त लिहीत नाही. आज सकाळी पहिल्या पानापासून बसायला उशीर झालाय, आणि उशीर झाला की दिवसभर छातीत धडधडतं.

लवकर कळव. चांगलं नसलं तरी कळव.

टिटवी

•

२७ जानेवारी

टिटवे,

कागद बघून आधी हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. 'वाचलेल्याचा अर्थ लागल्याशिवाय मला चैन पडत नाही', यापुढे तू काय केलंस? नेहमी. आणि खाली, 'अर्थ कळला नाही तरी मी पाठ करते', तिथेही नेहमी! अगं, दोन दगडांवर पाय ठेवून किती वेळ उभी राहशील?

रागावू नकोस, पण अशी उत्तरं आली की आम्ही ती मोजतच नाही. कुणी गप्पा मारत भरतं, कुणाला तास बुडाल्याचा आनंद असतो. न वाचता सरसकट एकाच रांगेत खुणा करतात. असे कागद आमचे आकडेवाले वेगळे काढतात, मोठ्या काळ्या क्लिपमध्ये अडकवतात आणि कपाटावर टाकतात. निष्काळजी, असा शेरा मारून. तुझा कागद त्यांच्या हाती गेला असता तर तोही तिथेच गेला असता.

पुन्हा एक प्रत पाठवतेय. शांतपणे, मन लावून भर. तुला नक्की काय होतंय ते ठरव आणि मग खूण कर.

दादानं तुझ्यासाठी चांगली छत्री आणून ठेवलीय. मी विचारलं, आत्ताच कशाला? म्हणे, 'दवाखान्यात जायला लागेल ना तिला.'

आत्या

•

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

या वेळी नीट भरली आहे.

टिटवी

•

१० फेब्रुवारी

माझी गुणी टिटवी,

आता कशी वाट सापडली! खोल शिकण्याचे गुण जवळजवळ पूर्ण, वरवरचे नावाला. इतका स्वच्छ कागद आमच्याकडे क्वचित येतो. मी तो आकडेवाल्यांनाही दाखवला, नाव न सांगता. ते आकड्यांशी बोलतात आणि माणसांपुढे नुसती मान हलवतात, पण या वेळी चक्क 'छान' म्हणाले.

म्हणजे तुझी पद्धत चुकत नाहीये. तू विहिरीत उतरणारी आहेस, फक्त उतरायला वेळ पुरला नाही. माझा सल्ला ऐक. पानं मोजू नकोस. कमी वाच, पण हाती घेतलेलं पुरतं समजल्याशिवाय सोडू नकोस. पुढचं आपोआप येईल.

मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! रात्री दोन घास जास्तच जेवले. वहिनी म्हणाली, 'आज काय विशेष?' मी म्हटलं, आकडे जुळले.

आत्या

•

१ मार्च

प्रिय आत्या,

उशिराबद्दल माफ कर. अभ्यास चालू आहे. तू सांगितलंस तसाच करतेय. मी मजेत आहे. बाबांना रोज फोनवर तेच सांगते.

टिटवी

•

९ मार्च

टिटवे,

'मजेत' हा शब्द तू मला कधीपासून लिहायला लागलीस? तो तर बाबांसाठी होता. पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. त्यात परवा जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अहवालाची बांधाबांध चालली होती. आकडेवाल्यांनी कपाटावरचा तो काळ्या क्लिपचा गठ्ठा काढला आणि विचारलं, 'हे रद्दीत देऊ?' मी हो म्हणणार होते. कशी कोण जाणे, तुझी पहिली प्रत आठवली. म्हटलं, थांबा, या मुलांचं परीक्षेत काय झालं तेवढं बघू. आमच्याकडे नावं नसतात, नुसते क्रमांक. नावांची यादी परीक्षा विभागाच्या कुलपात. त्यांनी क्रमांक बघून निकाल कळवले.

वरवर शिकणारी मुलं, आम्ही ज्यांच्यावर एवढी टीका करतो ती, बरीचशी पास झालीत. खोल शिकणारी तर झालीच आहेत. आणि ज्यांना आम्ही निष्काळजी म्हणून बाजूला काढलं त्यांतली निम्म्याहून जास्त नापास. काहींनी शिक्षणच सोडलं. आकडेवाल्यांनी दोनदा हिशेब तपासला आणि गठ्ठा उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

टिटवे, ती मुलं बेफिकीर नव्हतीच. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, ती दोन्ही हातांनी दिसेल ती काडी धरत होती. आणि आम्ही म्हटलं, यांना खूण करता येत नाही.

मीच तुला म्हटलं ना, नीट भर? आणि तू भरलीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता चौकटी नकोत. मला साधं सांग. सकाळी पुस्तक घेऊन बसतेस तेव्हापासून काय काय करतेस? काहीही गाळू नकोस.

आत्या

•

१५ मार्च

आत्या,

तू मला काढून टाकलं होतंस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं, तुला सांगणार नाही. मला वाटलं होतं, जगात एक माणूस तरी आहे ज्याला मोजता येतं. त्याच माणसानं सांगितलं, तुझी मोजणीच होत नाही.

पहिल्या वेळी मी सगळं खरं लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी तुझं पत्र समोर ठेवून भरलं. तुला काय हवंय ते त्यात होतंच की. खूण करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती दोन्ही वाक्यं खरी आहेत. खांदा मला इतका समजलाय की रूममेटचा हात धरून मी अर्धा तास फिरवत बसते, कुठला स्नायू कुठे ओढतोय ते बोटांना कळतं, आणि शेवटी ती ओरडते. आणि पाय? पायाची नुसती नावं पाठ केली, तीही परीक्षेच्या दोन दिवस आधी. अर्थाचा पत्ता नव्हता. सांग, मी कुठल्या चौकटीत खूण करू?

सकाळी बसते ती पहिल्या पानापासून. रोज. खांदा. कालचं आज आठवतंय का ते बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खांदा जमला की दंड, दंड जमला की कोपर. तोवर जेवणाची घंटा होते. दुपारी कोपराच्या खाली एखादं नाव अडलं की वाटतं, बघ, गेलं. पुन्हा पहिलं पान. पायाच्या पानांना अजून नव्या पुस्तकाचा वास येतो, आत्या. आणि तू 'पुरतं समजल्याशिवाय सोडू नकोस' म्हणालीस तेव्हापासून कोपरसुद्धा आलेलं नाही. चार आठवडे मी खांद्यातच आहे.

हे वेडेपण आहे ते मला कळतं. पण पाढे आठवतात का तुला? बाराचा शिकले की मी सातचा विसरायचे. बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, 'आमची टिटवी म्हणजे पुढचं पाठ, मागचं सपाट!' सगळे हसायचे, मीही हसायचे. तेव्हापासून मी मागचं सपाट होऊ दिलेलं नाही.

परीक्षेला महिनासुद्धा राहिलेला नाही. मला भीती वाटते. इतकी की सकाळी बूट घालताना खांद्याचीच नावं म्हणत बसते आणि लेस बांधायची राहून जाते.

टिटवी

•

२४ मार्च

लाडके,

काल घरी परत पोचले. तुझ्याकडे अचानक उगवले म्हणून तुझी रूममेट मला वॉर्डन समजली आणि तिनं इस्त्री पलंगाखाली लपवली, ते आठवून बसमध्ये एकटीच हसत होते. मग रडूही आलं, शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून दिली.

तुझं पुस्तक आडवं धरलं तेव्हाचं काही डोळ्यांपुढून जात नाही. सुरुवातीच्या पानांची कड बोटांनी काळी झालेली आणि पुढची सगळी पांढरीशुभ्र. तीस वाक्यांत आम्हाला जे विचारायचं सुचलं नाही ते कुणालाही दोन हात लांबून दिसलं असतं. पण मी उंटावरून शेळ्या हाकत बसले होते. दादाची म्हण तू उलटी करून ठेवलीस, पोरी. मागचं पाठ, पुढचं कोरं.

त्या गठ्ठ्याची काळी क्लिप तुझ्या पुस्तकाला लावून आलेय, ती तशीच राहू दे. गठ्ठ्यातले कागद मी पाकिटात घातलेत आणि अहवालात परत घेतलेत. बाई चिडल्या. म्हणाल्या, 'तुमच्यामुळे सगळं चित्र गढूळ झालं.' मी म्हटलं, पाणीच गढूळ आहे. अहवालाला उशीर होईल, बोलणी बसतील, बसू देत.

क्लिप खांद्यापासून कोपरापर्यंतच्या पानांवर लावलीय ती परीक्षेपर्यंत काढायची नाही. रोज पायापासून बसायचं. मागचं विसरेन, असं वाटेल. वाटू दे. विसरलंच तर परीक्षेत दोन प्रश्न जातील, जागा जाणार नाही. तू धडधडत्या छातीनंच बस, ती थांबायची वाट बघू नकोस.

दादाला मी सांगणार नाही. तो तुझा बाप आहे आणि ही तुझी गोष्ट. पण छत्री दारामागे टांगलेली आहे, आणि रोज तिच्याशेजारून जाताना मला चोरट्यासारखं होतं.

आत्या

•

२ मे

प्रिय आत्या,

सुटले. काठावर, पण सुटले. पास व्हायला लागतात त्याहून तीनच गुण जास्त आहेत. फळ्यावर क्रमांक दिसला तेव्हा मी मागे वळून रूममेटला म्हटलं, तू वाच, माझं चुकलं असेल. तिनं वाचला आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला, अगदी तिथे, ज्या स्नायूचं नाव मी पेपरात विसरले होते.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. क्लिप लावलेलं पुस्तक उघडताना वाटायचं, घराला कुलूप न लावता बाहेर पडलेय. दोनदा क्लिप काढायला हात गेला. एकदा काढलीही, खोटं कशाला सांगू. खांदा तिथेच होता, आत्या. कुठे गेला नव्हता. मी परत लावून टाकली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांना फोन केला. डिसेंबरपासूनचं सगळं सांगितलं, पाढ्यांचंसुद्धा. निकाल लागल्यावर सांगितलं असतं तर ते सांगणं नसतंच झालं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मी ते कौतुकानं म्हणायचो गं.' आणि मग, 'स्पीकर बंद केलाय मी. बोल.' मला तेव्हा जे रडू आलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही, मधूनच येतं.

क्लिप रूममेटनं कपडे वाळत घालायला घेतलीय. परत हवी असेल तर तूच ये आणि माग. वॉर्डनला ती घाबरते.

टिटवी

•

१४ मे

टिटवे,

पेढ्यापेक्षा गोड पत्र. दादा तीन गुणांचं असं सांगत सुटलाय जणू तीनच कमी पडले शंभराला. छत्रीचं मी त्याला म्हटलं, आता तूच तिच्या हातात दे.

तुला एक कळवायचंय. नव्या प्रश्नावलीत मी एक वाक्य घातलं, 'मी रोज पहिल्या पानापासून सुरुवात करते.' बाई म्हणाल्या, असं कोण करतं? ठीक आहे, एका वर्गावर करून बघा. काल केलं. मी वर्गाच्या मागे उभी होते. त्या वाक्याशी आल्यावर काही मुलांच्या पेन्सिली थांबलेल्या मला दिसल्या. एका मुलीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, 'या माझ्या घरात कधी येऊन गेल्या?' अशा नजरेनं.

पन्नास जणांत अठरांनी 'नेहमी'वर खूण केली. आकडेवाल्यांनी कागद पुन्हा मोजले. अठराच.

तू एकटी नव्हतीस गं. एवढंच तुला सांगायचं होतं.

आत्या

•

१९ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं, मग झोपच लागेना. त्या अठरा जणांना कुणी सांगितलं का? की त्यांचाही आकडा झाला, आणि ते आज सकाळी पुन्हा पहिल्या पानापासून बसलेत?

तुझ्याकडे नावं नसतात, माहीत आहे. मग नावं नकोत. मी शुक्रवारी सुट्टीला घरी येतेय. त्याआधी हे कॅन्टीनच्या फळ्यावर लाव. मोठ्या अक्षरात लिही, तुझं अक्षर आकडेवाल्यांशिवाय कुणाला लागत नाही.

'रोज पहिल्या पानापासून, या वाक्यापुढे नेहमी अशी खूण केलेल्यांनी शनिवारी सकाळी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत यावं. आपलं पुस्तक आणावं. नाव सांगायची गरज नाही. परीक्षा नाही, काही मोजायचंही नाही. आपण पुस्तक मधून उघडायचं आहे. एकट्यानं ते होत नाही. मला माहीत आहे, कारण मीही तुमच्यातलीच आहे.'

रूममेटकडून क्लिप परत मिळवलीय. आणखी सतरा लागतील, ऑफिसातून काढून ठेव.

आणि आत्या, खोलीचं दार आधीपासून उघडं ठेव. दार बंद दिसलं तर ती बाहेर थोडा वेळ थांबतील आणि निघून जातील. मी गेले असते.

तुझी,
टिटवी